नेपथ्यकाराचं घरभाडं

"मी सेटचे पैसे देतो, सेट करणाऱ्याच्या घरभाड्याचे नाही. तो कुठे राहतो आणि त्याचं कसं भागतं, हा त्याचा खासगी प्रश्न आहे."

नाट्यव्यवसायावरच्या एका परिसंवादात एका जाणत्या निर्मात्यानं हे म्हटलं आणि निम्म्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मी मागच्या रांगेत बसलो होतो. गेली बावीस वर्षं मी मुंबईत नाटकांचं नेपथ्य करतो, आणि नुसत्या नाटकांवर घर चालत नाही म्हणून प्रदर्शनांचे स्टॉलही डिझाइन करतो. त्या दिवशी वेळ संपल्यामुळे मला बोलता आलं नाही. निर्मात्याचं नाव मी घेणार नाही, कारण ते मत त्यांच्या एकट्याचं नाही. इव्हेंट कंपन्यांच्या बैठकांत आणि मालिकांच्या ऑफिसांत हेच मत मी वेगवेगळ्या शब्दांत ऐकलं आहे. हे उत्तर त्या मताला आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. ज्या शहरात राहिल्याशिवाय काम करता येत नाही, त्या शहरात राहण्यापुरतंही जे मानधन पुरत नाही, ते पूर्ण मानधन नव्हे. उरलेला हिस्सा दुसरं कुणीतरी भरत असतं. कधी बायकोची नोकरी भरते, कधी वडिलांनी घेऊन ठेवलेला फ्लॅट. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, तो या व्यवसायात टिकत नाही. म्हणून नेपथ्यकाराचं घरभाडं ही त्याची खासगी बाब राहत नाही. मराठी रंगभूमीवर नेपथ्य कोण करणार आणि कोण करू शकणार नाही, हे त्या घरभाड्यावर ठरतं.

आधी हिशेब मांडतो, कारण या चर्चेत हिशेब कुणी मांडतच नाही. गेल्या वर्षी एका दोन अंकी नाटकाचं नेपथ्य करताना मी पहिल्या वाचनापासून शुभारंभाच्या प्रयोगापर्यंतचा प्रत्येक तास वहीत लिहून ठेवला. दिग्दर्शकाबरोबरच्या बैठका, तालमी, ग्राउंड प्लॅन, मॉडेल, सुतारासाठी मापांची ड्रॉइंग, गोडाऊनच्या फेऱ्या, रंगकाम, रंगीत तालीम. बेरीज आली २३६ तास, जवळजवळ दोन महिन्यांत पसरलेली. मानधन ठरलं होतं ७५,००० रुपये. त्यातून सहायकाला १५,००० दिले, मॉडेलच्या सामानाला ३,५०० गेले, प्रिंटला १,८०० आणि प्रवासाला ६,२००. हातात राहिले ४८,५००, म्हणजे तासाला साधारण २०५ रुपये. ठरलेल्या रकमेतला शेवटचा २५,००० चा हप्ता शुभारंभानंतर सात महिन्यांनी मिळाला.

समजा, अशी सहा नाटकं मला वर्षभरात एकापाठोपाठ एक मिळाली, मधे एकही दिवस मोकळा गेला नाही. वर्षाचे २,९१,००० रुपये होतात, म्हणजे महिन्याला २४,२५०. बोरिवलीत मी राहतो त्या वन बीएचके घराचं भाडं आहे ३०,०००. किराणा, वीजबिल, मुलीची फी, आईची औषधं यांचा विचार करायच्या आधीच हिशेब संपतो. त्यात अकरा महिन्यांनी करार संपतो, भाडं वाढतं, नाहीतर नवं घर, नवं डिपॉझिट आणि दलालाला एक महिन्याचं भाडं. त्याच सेटवर काम करणाऱ्या सुताराला दिवसाचे १,२०० रुपये मिळाले आणि रात्री थांबावं लागलं तेव्हा जादाचे पैसे मिळाले. ते रास्तच होते, आणखी मिळाले असते तरी मला आनंद झाला असता. पण सुताराचा तास मोजला जातो आणि त्याच सुताराला माप देणाऱ्याचा तास कुणी मोजत नाही, ही गोष्ट मला खुपते.

दोन महिन्यांत २३६ तास म्हणजे उरलेला वेळ मोकळाच की, असं कुणी म्हणेल. तो मोकळा नसतो. तो जातो प्रदर्शनांत, आणि तिथे काय होतं तेही सांगतो.

गोरेगावचं नेस्को असो, बीकेसीमधलं जिओ वर्ल्ड सेंटर असो किंवा पुण्याजवळ मोशीचं प्रदर्शन केंद्र, पद्धत एकच. एखाद्या कंपनीला सहा मीटर बाय सहा मीटरचा स्टॉल हवा असतो. कंपनी पाच-सहा कंत्राटदारांना बोलावते आणि प्रत्येकाकडून थ्रीडी चित्रांसह डिझाइन मागते. कंत्राटदार भाव सांगतो चौरस मीटरवर, त्यात लाकूड, रंग, लाइट, छपाई सगळं येतं, आणि डिझाइन 'फ्री' असतं. ते डिझाइन करतो माझ्यासारखा बाहेरचा माणूस. कंत्राटदाराला काम मिळालं तर मला पैसे, नाही मिळालं तर काही नाही. पाच डिझाइनमागे एक काम मिळालं तर नशीब चांगलं. एका डिझाइनला तीन दिवस धरले, तर पंधरा दिवसांच्या कामातले बारा दिवस मी कुणाच्याही खात्यावर न लिहिलेले घालवतो. त्या बारा दिवसांचं घरभाडं मात्र घरमालक सोडत नाही. आणि दोनदा मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे की नाकारलेलं डिझाइन रंग बदलून हॉलमध्ये उभं आहे, दुसऱ्याच कंत्राटदारानं बांधलेलं. कोपऱ्याला तीच कमान, स्वागताच्या टेबलाला तोच तिरका काप.

प्रदर्शनाच्या आदल्या रात्रीचा हॉल ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हॉलचा ताबा उद्घाटनाच्या थोडे दिवसच आधी मिळतो, त्यामुळे शंभर स्टॉल एकाच वेळी उभे राहत असतात. कटरचा आवाज, हवेत लाकडाचा भुसा, डोळ्यांना झोंबणारा रंगाचा वास. एसी बंद असतो, कारण तो उद्घाटनापासून सुरू होतो. रात्री एक वाजता कळतं की कंपनीनं लोगोची निळी छटा बदलली आहे आणि छापून आलेलं व्हिनाइल आता चालणार नाही. शेवटची लोकल गेलेली असते, पहिलीला वेळ असतो. प्लायवुडच्या थप्पीवर पाठ टेकून आम्ही दोन तास झोपतो. मुंबईत मध्यरात्री ते पहाटे पाच या वेळेत रिक्षाचं भाडं सव्वापट असतं. रात्रीच्या श्रमाचा भाव जास्त, हे तत्त्व या शहरानं रिक्षाला लागू केलं आहे आणि प्रवासीही ते निमूट मान्य करतो. त्या हॉलमध्ये जागणाऱ्या डिझायनरला ते लागू व्हायला काय हरकत आहे?

आता पहिला प्रतिवाद. "पूर्वीच्या लोकांनी कुठे पैशांचा विचार केला? द. ग. गोडसे, दामू केंकरे, रघुवीर तळाशीलकर, मोहन वाघ, बाबा पार्सेकर यांनी जे केलं ते प्रेमापोटी केलं." या नावांपुढे मी मान झुकवतो. त्यांच्या कामावरूनच मी हा व्यवसाय शिकलो. पण प्रेमाबरोबर त्या काळात आणखी काय होतं, तेही पाहू.

संगीत नाटकांच्या जमान्यात नाटक कंपनीचं बिऱ्हाड असायचं. पडदे रंगवणारा चितारी, गवई, नट, सगळे कंपनीच्या पंगतीत जेवायचे आणि कंपनीच्या छपराखाली झोपायचे. पुढे चित्रपटात गेलेले कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव नाटकांचे पडदे रंगवत, तो हाच काळ. चिताऱ्याचं जगणं तेव्हा कंपनीच्या खर्चाच्या वहीत होतं. कंपन्या मोडल्या, पंगत उठली. मग दुसरा आधार आला तो जागेचा. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीला बांधून टाकली, आणि गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या चाळींत कलावंताला अगदी थोड्या भाड्यात खोली परवडत राहिली. शिवाजी मंदिर नाट्यगृह दादर-परळच्या घरांपासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. तिसरा आधार होता नोकरीचा. बँक, बेस्ट, महापालिका, टेलिफोन खातं, विमा महामंडळ. दिवसा पक्की नोकरी आणि संध्याकाळी नाटक, अशी मराठी रंगभूमीची एक अख्खी पिढी जगली. रंगभूमीचं मानधन तेव्हाही थोडंच होतं, पण घर चालवायचा भार त्याच्यावर नव्हता. तो भार पगारावर होता, आणि पगारात महागाई भत्ता होता.

आज पंगत नाही. पागडीच्या खोलीच्या जागी टॉवर आहे. संध्याकाळी साडेपाचला सुटणारी पक्की नोकरी नव्या मुलांच्या वाट्याला येत नाही. तिन्ही आधार गेले आणि मानधनाची कल्पना मात्र तीच राहिली, जणू कलावंताच्या घरात अजून दुसरीकडून पगार येतोच आहे. पूर्वीच्यांच्या त्यागाचा दाखला देऊन आजच्या मुलाला गप्प करणं म्हणजे त्या पिढीच्या पायाखालची जमीन न पाहता तिच्या उंचीचं माप काढणं.

दुसरा प्रतिवाद तत्त्वाचा आहे. "मोबदला कामाचा असतो. कामगाराच्या खर्चाशी त्याचा काय संबंध?" हे जो मुंबईत राहून म्हणतो, त्याला या शहराचा इतिहास ठाऊक नाही असं मी म्हणेन. १९२१ साली मुंबई सरकारनं लेबर ऑफिस सुरू केलं आणि शहरातल्या कामगार कुटुंबाच्या जगण्याच्या खर्चाचा निर्देशांक नियमित प्रसिद्ध होऊ लागला. पुढे गिरणी कामगारांचा महागाई भत्ता निर्देशांकाशी जोडला गेला. ज्वारी, तांदूळ, रॉकेल, कापड आणि खोलीचं भाडं महागलं की गिरणीतल्या माणसाच्या पगारात त्याची नोंद व्हायची. मोबदला आणि जगण्याचा खर्च यांची गाठ घालण्याचं काम गिरणगावानं करून दाखवलं आहे. आपले प्रेक्षक त्याच गिरणगावातून आले.

आणि ती गाठ अजून सुटलेली नाही. पुन्हा रिक्षाकडेच या. मुंबईत रिक्षाचं किमान भाडं मार्च २०२१ मध्ये २१ रुपये झालं, ऑक्टोबर २०२२ मध्ये २३ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये २६. चार वर्षांत जवळजवळ चोवीस टक्के वाढ. ही वाढ कुणाच्या मर्जीनं झाली नाही. त्यासाठी आधी हकीम समिती आणि नंतर खटुआ समिती नेमली गेली. गाडीचा खर्च, इंधन, देखभाल आणि महागाई धरून सूत्र ठरलं. मे २०२५ मध्ये बेस्टचं किमान तिकीटही पाचचं दहा रुपये झालं. याच काळात माझं नाटकाचं मानधन ७५,००० होतं आणि ७५,०००च राहिलं. शहरातली प्रत्येक गोष्ट महागाई मोजून महाग होते आणि फक्त डिझायनरचा मोबदला 'बाजारात जे चाललंय ते' या चार शब्दांवर सोडला जातो, हे कोणत्या न्यायानं?

बाहेरच्या देशांची उदाहरणं मी फार देणार नाही, कारण त्यांचं अर्थकारण वेगळं आहे. एकच सांगतो. अमेरिकेत सेट आणि प्रदर्शन डिझायनर हा सरकारी आकडेवारीत स्वतंत्र व्यवसाय म्हणून मोजला जातो, त्याची कमाई राज्यागणिक प्रसिद्ध होते, आणि ब्रॉडवेवर डिझायनरांच्या युनियननं किमान मानधन, शिवाय नाटक चालू असेपर्यंत दर आठवड्याला ठरावीक रक्कम, असा करार केलेला आहे. तिथेही महागड्या शहरात राहणं कठीणच आहे. पण तिथला डिझायनर चर्चेला बसतो तेव्हा आकडा त्याच्या हातात असतो. आमच्या हातात फक्त तक्रार असते.

तिसरा प्रतिवाद म्हणजे नेहमीचा सल्ला. "मुंबईत परवडत नाही तर विरारला राहा, बदलापूरला राहा. आता तर गावी बसून लॅपटॉपवर काम करता येतं." विरार-बदलापूरला लोक राहतात, माझे सहायकही राहतात, त्यात कमीपणा काहीच नाही. पण रात्री साडेअकराला प्रयोग सुटल्यावर सेट उतरवून टेम्पोत चढेपर्यंत एक वाजतो. तिथून बदलापूर गाठायचं आणि सकाळी दहाला पुन्हा गोडाऊनवर यायचं, हे महिनोन्‌महिने कुणाच्या शरीराला झेपेल? भाड्यातले वाचलेले पैसे झोपेतून आणि तब्येतीतून वसूल होतात. आणि मुलगी असेल तर तिच्या घरच्यांची काळजी त्यात वेगळी.

गावी बसून काम करण्याचं म्हणाल तर नेपथ्य हे कागदावर संपणारं काम नाही. आपल्याकडचं नाटक एका जागी बसत नाही. सकाळी ठाण्याचं गडकरी, दुपारी पार्ल्याचं दीनानाथ, पुढच्या आठवड्यात पुण्याचं बालगंधर्व आणि मग कोल्हापूर-सांगलीचा दौरा. प्रत्येक रंगमंचाची रुंदी वेगळी, विंगेतली जागा वेगळी, उंची वेगळी. आधीचा प्रयोग सुटल्यावर दीड-दोन तासांत अख्खं घर उभं करायचं असतं. सेटच्या भिंतींचे सुटे भाग, म्हणजे फ्लॅट, बिजागरीला दुमडायला हवेत, पिन काढली की सुटे व्हायला हवेत, एकात एक बसून टेम्पोत मावायला हवेत. एका जिल्ह्याच्या ठिकाणी प्रयोगाच्या दोन तास आधी कळलं की जिन्याचा फ्लॅट नऊ इंच जास्त उंच होतोय. तो कुठून कापला तर जिना जिनाच दिसेल आणि पुढच्या प्रयोगाला पुन्हा जोडता येईल, हे ठरवायला मी तिथे उभा होतो म्हणून पडदा वेळेवर उघडला.

चौथा मुद्दा नवा आहे आणि तो मोठ्या उत्साहानं मांडला जातो. "आता एआय पाच मिनिटांत चित्र काढून देतं. डिझायनरला इतके पैसे कशाला?" चित्र सुंदर निघतं, मी पाहिलं आहे. पण प्लायवुडची शीट आठ फूट बाय चार फूट असते. भिंत आठ फुटांची काढली तर एक शीट उभी लावून काम भागतं. साडेआठ फुटांची काढली की वरच्या सहा इंचांसाठी दुसरी शीट कापावी लागते, सांधा येतो, सांध्यावर पट्टी मारावी लागते, लाइटमध्ये तो सांधा दिसतो आणि वजन वाढतं ते वेगळंच. वीस फ्लॅटांच्या सेटवर या सहा इंचांची किंमत काय होते ते कुठल्याही सुताराला विचारा. ती किंमत वाचवणारा माणूस म्हणजे नेपथ्यकार. माझ्या २३६ तासांतले कितीतरी तास निर्मात्याचे पैसे वाचवण्यात गेले होते.

आता ज्या मुद्द्यात खरं तथ्य आहे त्याकडे येतो. निर्माते म्हणतात, "आमचंच भागत नाही." हे मला मान्य आहे. नाट्यगृहाचं भाडं, जाहिराती, टेम्पो, बस, दौऱ्यावरचं जेवणखाण, नटांच्या मालिकांच्या तारखा सांभाळताना रद्द होणारे प्रयोग, हे सगळं मी जवळून पाहतो. तिकिटाला एक मर्यादा आहे. पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही, आणि मराठी मध्यमवर्गीय कुटुंब त्याहून महाग तिकीट चार जणांसाठी सहज काढत नाही. अनेक निर्माते कर्ज काढून नाटक उभं करतात आणि फसतात. त्यांच्याशी माझं भांडण नाही.

पण याच निर्मात्याला नाट्यगृहाचं भाडं आगाऊ भरावं लागतं, तेव्हा तो 'आमचं भागत नाही' म्हणत नाही. जाहिरात आगाऊ पैसे दिल्याशिवाय छापली जात नाही. टेम्पोवाला डिझेलचे पैसे घेतल्याशिवाय हलत नाही. प्रत्येक खर्च तो पूर्ण आणि वेळेवर देतो, आणि जो माणूस प्रेमापोटी थांबेल त्याचाच हप्ता थांबवतो. म्हणजे तंगी खरी असली तरी तिचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. ज्याच्याकडे नाही म्हणायची ताकद नाही त्याच्यावर तो पडतो. शिवाय नाटक पडलं तर नेपथ्यकाराचा शेवटचा हप्ता बुडतो आणि नाटक तीनशे प्रयोग चाललं तरी त्याची एकरकमी रक्कम वाढत नाही. तोट्यात वाटा आहे, नफ्यात नाही. लेखकाला दर प्रयोगाचं मानधन मिळतं आणि ते मिळायलाच हवं. मग ज्या घरात ते नाटक दर प्रयोगाला घडतं, ते घर रचणाऱ्याला का नको?

एक आरोप खालच्या आवाजात केला जातो, त्याचंही उत्तर देतो. "डिझायनर प्लायवुडवाल्याकडून, फर्निचर भाड्यानं देणाऱ्याकडून कमिशन खातात. त्यांना वरून पैसे मिळतातच." काही जण घेतात, हे खरं आहे आणि ते चूक आहे. मी त्याचं समर्थन करणार नाही. पण कमी मानधनाचं समर्थन म्हणून कमिशनकडे बोट दाखवणारा माणूस स्वतःच कबूल करतो की ठरलेल्या रकमेत कुणाचं भागत नाही, हे त्याला ठाऊक आहे. प्रामाणिक माणसानं उपाशी राहावं आणि अप्रामाणिक माणसानं आपली सोय पाहावी, अशी ही व्यवस्था आहे. तिच्यातून निर्मात्याचाही तोटाच होतो, कारण कमिशनसाठी निवडलेलं लाकूड सेटच्या गरजेप्रमाणे निवडलेलं नसतं.

या सगळ्यात आपण काय गमावतो, ते एका मुलीच्या उदाहरणानं सांगतो. सांगली जिल्ह्यातली ही मुलगी राज्य नाट्य स्पर्धेत नेपथ्याचं पारितोषिक घेऊन मुंबईला आली आणि तीन वर्षं माझ्याकडे सहायक होती. एका नाटकात आम्हाला ओल धरलेली वाड्याची भिंत हवी होती. मी पीओपीचा विचार करत होतो, पण ते जड होतं आणि दौऱ्यात फुटलं असतं. तिनं जुनं गोणपाट फेव्हिकॉलमध्ये बुडवून फ्लॅटवर चिकटवलं, त्यावर चाळलेला लाकडाचा भुसा शिंपडला, वाळल्यावर हाताच्या तळव्यानं जागोजागी खरवडला आणि खालून वर हिरवट-काळा रंग पुसत नेला. बाजूनं लाइट टाकल्यावर ती भिंत पाणी पाझरल्यासारखी दिसली. पहिल्या रांगेतल्या एका आजींनी मध्यंतरात मला सांगितलं की त्यांच्या माहेरच्या माजघराची आठवण झाली. भिंतीचा खर्च पीओपीच्या निम्माही नव्हता.

ती मुलगी डोंबिवलीत दोघींबरोबर एका खोलीत राहायची. तिच्या वाट्याचं भाडं, पास, डबा आणि गावी पाठवायचे थोडे पैसे, यांची बेरीज तिला मिळणाऱ्या कामांच्या बेरजेपेक्षा दर महिन्याला जास्त भरायची. एका मालिकेचे पैसे तिला नव्वद दिवसांच्या रिवाजानुसार मिळायचे होते, ते पाच महिन्यांनी मिळाले. त्या पाच महिन्यांत तिनं हातातली अंगठी विकली. मग ती परत गेली. आता सांगलीत एका शोरूममध्ये स्वयंपाकघरांच्या ट्रॉल्यांची मापं काढते. पगार एक तारखेला होतो. तिचा निर्णय बरोबरच होता. पण मराठी रंगभूमीनं एक नेपथ्यकार गमावला आणि त्याची नोंद कुठेच झाली नाही. माझ्याकडे टिकलेले दोन सहायक कोण आहेत, हेही सांगायला हवं. दोघांचीही मुंबईत स्वतःची घरं आहेत. दोघंही गुणी आहेत, पण ते टिकले ते गुणांमुळे नव्हे, घरामुळे.

म्हणून मागण्या ठामपणे मांडतो, आणि त्यातली एकही अशक्य नाही. प्रत्येक कामाचा लेखी करार व्हावा आणि मानधनाचा एक तृतीयांश हिस्सा आधी मिळावा. स्टॉलचं डिझाइन मागताना नाकारलेल्या डिझाइनचेही ठरावीक पैसे द्यावेत. मग कंपन्या सहा जणांना उगाच राबवणार नाहीत, दोघांनाच विचारपूर्वक बोलावतील. ठरावीक प्रयोगांनंतर नेपथ्यकाराला दर प्रयोगाचं मानधन सुरू व्हावं. रात्रीच्या कामाला सव्वापट दर मिळावा. आणि किमान मानधनाचा एक तक्ता नाट्य परिषद, निर्माता संघ आणि डिझायनर यांनी एकत्र बसून करावा, जो दरवर्षी मुंबईच्या महागाईप्रमाणे आपोआप बदलेल. व्यावसायिक नाटकांना सरकार अनुदान देतं. त्या अनुदानाच्या अटींत तंत्रज्ञांचे करार आणि पैसे वेळेवर दिल्याचा पुरावा घालायला शासनाला एक रुपयाही जास्त लागणार नाही.

तरुण डिझायनरांनाही मला काही सांगायचं आहे. कायदा अगदीच आपल्या विरोधात नाही, आपण तो वापरत नाही. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार नोंदणी झालेल्या छोट्या व्यावसायिकाचे पैसे लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं. एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकराच्या नियमांनीही याला जोर दिला आहे. मुदतीत पैसे न देणाऱ्या कंपनीला तो खर्च पैसे देईपर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुमचं ड्रॉइंग ही कलाकृती आहे, आणि तुम्ही कुणाच्या नोकरीत नसाल तर लेखी दिल्याशिवाय तिच्यावरचा तुमचा हक्क जात नाही. पुढच्या वेळी थ्रीडी पाठवाल तेव्हा प्रत्येक पानावर हे लिहून पाठवा. आणि तास लिहून ठेवा. ज्याच्याकडे वही आहे त्याला उडवून लावणं कठीण जातं.

परिसंवादातल्या त्या निर्मात्यांना मी आजही मान देतो. त्यांनी चांगली नाटकं दिली आहेत. पण त्यांना माझी एवढीच विनंती आहे, की पुढच्या नाटकाचं अंदाजपत्रक करताना नाट्यगृहाचं भाडं लिहून झालं की त्याखाली एक ओळ मोकळी सोडा आणि नेपथ्यकाराला विचारा, "तुमच्या घराचं भाडं किती?" तो जो आकडा सांगेल तो सगळाच्या सगळा द्या असं मी म्हणत नाही. पण तो आकडा माहीत असल्याशिवाय मानधन ठरवू नका.